'वाजवी सवलत' आणि 'काळजीवाहू': योग्य शब्द कोणते?

फोंडा: वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी दिव्यांग कामगारांच्या 'समान संधी धोरणा'चा मराठी मसुदा करतेय. वीस किंवा अधिक कामगार असले की खाजगी आस्थापनेलाही दिव्यांग हक्कांच्या 2017 च्या नियमांनुसार ते सविस्तर करावं लागतं. जुन्या मसुद्यात 'रीझनेबल अकॉमोडेशन'ला, म्हणजे दिव्यांग कामगाराला काम करता यावं म्हणून केलेल्या बदलांना, 'वाजवी सवलत' आणि 'केअरगिव्हर'ला, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्याला, 'काळजीवाहू' लिहिलंय. दोन्ही खटकतात.

म्हापसा: काळजीवाहू आधी खोडा! राजीनामा देऊन खुर्चीवर बसलेला मुख्यमंत्री डोळ्यांसमोर येतो.

पणजी: माझ्या मते जास्त घातक शब्द 'सवलत'. सवलत बसच्या तिकिटात मिळते, आणि देणाऱ्याने ती काढून घेतली तरी कोणी भांडत नाही. इथे तसं नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात, कलम 2 मधल्या भेदभावाच्या व्याख्येतच ही सोय नाकारणं मोडतं. म्हणून 'वाजवी सोय' लिहा. 'वाजवी' मात्र ठेवा, कारण मालकावर अवाजवी बोजा पडू नये ही अट कायद्यातच आहे. आणि खाली उदाहरणं द्या: रॅम्प, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), कामाची पाळी (शिफ्ट) बदलून देणं, ठरावीक जागी बसून करता येईल असं काम. नाहीतर एचआरवाले रॅम्प बांधून मोकळे होतात.

फोंडा: पटलं. पण अर्धांगवायूने अपंग झालेल्या सासऱ्यांना सांभाळणारी आमची पॅकिंगमधली बाई 'केअरगिव्हर' ठरते का?

मडगाव: व्याख्येत बसते. आईवडील, घरची माणसं, पगारी वा बिनपगारी, सगळे येतात. पण त्या व्याख्येने तिला कारखान्यात रजा मिळत नाही. केंद्र सरकारी नोकरीत थोडं वेगळं आहे. तिथे 2018 च्या आदेशानुसार आपल्यावर अवलंबून असलेलं दिव्यांग मूल, आईवडील, जोडीदार किंवा भावंड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. महिला कर्मचारी आणि एकल पिता यांना पूर्ण सेवेत 730 दिवस बालसंगोपन रजा आहे, मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अटही नाही. सासऱ्यांसाठी अर्थातच ती नाही.

म्हापसा: मग शब्द?

मडगाव: 'काळजीवाहक' रूढ होतोय, चालेल. मला 'सांभाळ करणारी व्यक्ती' आवडतं, लांब असलं तरी. कोंकणीत 'जतनाय घेवपी' किती सहज येतं! पण ताई, शब्द कोणताही घ्या, खाली रजेचा आणि पाळी बदलण्याचा परिच्छेद स्वतंत्र घाला, अर्ज कोणाकडे द्यायचा त्या हुद्द्यासकट.