मदत हवी आहे: ऑक्सिजनचं मशीन, ५४८ युनिटचं बिल आणि मशीन बंद करून बसणारे नाना

पवननगरची सून:

नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत, पवननगरला राहते. प्रश्न लाईट बिलाचा आहे, पण नुसता बिलाचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत वाचू नका ही विनंती.

माझे सासरे, आमचे नाना, ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी टीबी होऊन गेला, पुढे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा कायमचा आजार. जानेवारीत नऊ दिवस दवाखान्यात होते, घरी आले ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेचं मशीन, सोबत घेऊनच. मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं आहे. डॉक्टरांनी दोन लिटरवर ठेवून दिवसातून निदान १६ तास लावायला सांगितलंय. मशीनच्या पाठीवर ३५० वॅट लिहिलंय.

खाली आम्ही चौघं आणि नाना-आई, वर दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. मीटर एकच, नानांच्या नावावर. बिल आलं की दोघे भाऊ अर्धं-अर्धं भरतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघतेय, कधी कुणी कुणाकडे हिशोब मागितला नाही.

डिसेंबरचं बिल २६८ युनिटचं होतं, तीन हजारांच्या आसपास. एप्रिलचं आलं ५४८ युनिटचं, पावणेआठ हजार. दिरांच्या कंपनीत सध्या कामाचे दिवस कमी केलेत, पगार तसाच कापून येतो. बिल हातात घेऊन दोघे भाऊ ओट्यावर बोलत बसले होते. भांडण नव्हतं, आवाजही चढला नव्हता, 'कसं करायचं' एवढंच चाललं होतं. पण ओट्याला लागूनच नानांची खिडकी आहे.

नाना वायरमन होते. ४० वर्षं घरांच्या वायरिंगची कामं केली. त्यांना वॅट आणि युनिट कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी मनातल्या मनात हिशोब मांडला असणार.

मी बालवाडीत शिकवते, दीडपर्यंत घरी येते. गेल्या गुरुवारी दार उघडलं आणि मशीनचा आवाज नव्हता. त्या फुस्स-टक्, फुस्स-टक् आवाजाची आता इतकी सवय झालीय की तो नसला की दारातच पाय थबकतो. आत गेले तर नाना खाटेवर बसलेले. नळी व्यवस्थित वेटोळं करून उशाशी ठेवलेली, वायरचं बंडल ठेवावं तशी. ओठ निळसर. ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्के. डॉक्टरांनी ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायला सांगितलंय. मशीन लावल्यावर वीस मिनिटांनी ८९ वर आलं. मी रागावले तर म्हणाले, "अगं, दुपारचं मला काम काय असतं? बसलेल्या माणसाला किती हवा लागते?"

आईंना विचारलं तेव्हा कळलं, चार दिवस हेच चाललंय. मी यायच्या आत ते मशीन परत सुरू करत होते. त्या दिवशी विसरले, किंवा उठवलं नसेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वही घेऊन बसले. मशीनचे १६ तासांचे ५.६ युनिट, म्हणजे महिन्याला १६८. दोन कूलर आहेत, खाली एक, वर एक, १८० वॅटचे, रोज दहा तास धरले तर दोघांचे मिळून १०८. बाकी घराचा कूलर-गीझर सोडून खर्च जुन्या बिलांवरून २१० च्या आसपास निघतो. बेरीज ४८६. बिल ५४८ चं आहे. उरलेले ६२ युनिट कुठे जातात ते मला सापडत नाही.

तर मला विचारायचंय ते हे. मशीनला हात न लावता बिल कुठून कमी करता येईल? वीज गेल्यावर आमच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालेल का? १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) एक बॅटरी आहे, सध्या पंखे आणि दिवे चालतात. मागच्या पंधरवड्यात एकदा अडीच तास वीज नव्हती, तेव्हा माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं. आणि सगळ्यात आधी, नानांना कसं समजवायचं? 'पैशांची काळजी करू नका' म्हटलं की ते मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की बटण बंद करतात.

—

गोदाकाठ:

ताई, आधी ते ६२ युनिट शोधूया. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्याजवळ 'इम्पल्स' असा आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. पाच मिनिटं दिव्याकडे बघा. तरीही लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी झिरपतेय किंवा विसरलेलं काहीतरी चालू आहे. मग एकेक वस्तू लावून मिनिटाला किती वेळा लुकलुकतं ते मोजा. तुमचं मशीन खरंच ३५० वॅट घेत असेल तर ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १८-१९ वेळा लुकलुकेल. ही मोजणी करताना नानांना ऑक्सिजनचा सिलिंडर लावा, किंवा मशीन चालूच ठेवून त्याचे तेवढे वजा करा.

आणि पाण्याची मोटर हिशोबात धरलीय का? तुम्ही लिहिलेली दिसत नाही.

—

निफाडकर:

एक गैरसमज सगळीकडे असतो, म्हणून सांगतो. ५०० ओलांडले म्हणजे सगळे युनिट महाग होत नाहीत. पहिले १०० त्यांच्या दराने, १०१ ते ३०० त्यांच्या, ३०१ ते ५०० त्यांच्या, आणि ५०० च्या वरचे तेवढेच सगळ्यात महाग. वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या बदलत्या खर्चाचं) आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे तुम्ही जे वाचवाल ते सगळ्यात वरच्या, महागड्या थरातून वाचतं. ५० युनिट कमी झाले तरी बिलावर चांगला फरक दिसतो.

वरचं कुटुंब खरंच वेगळं राहत असेल, चूल वेगळी असेल, तर त्यांच्यासाठी वेगळ्या जोडणीचा अर्ज करा. मग दोन्ही मीटरना स्वस्त दराचे पहिले १०० आणि पुढचे २०० युनिट आपापले मिळतील.

—

पवननगरची सून:

मोटर धरलीच नव्हती! १ एचपीची आहे. उद्याच बघते.

निफाडकर दादा, वेगळ्या मीटरचं गणित पटतंय. पण नाना आहेत तोवर ते मला विचारवणार नाही. त्यांच्या लेखी मीटर वेगळं झालं म्हणजे घर वेगळं झालं. आत्ता त्यांच्या आजारपणात हा विषय काढला तर ते आपल्यामुळे घर फुटलं असंच समजतील.

—

आईची लेक:

माझी आई तीन वर्षं कॉन्सन्ट्रेटरवर होती, म्हणून लिहितेय. बाकी काहीही करायच्या आधी डॉक्टरांना फोन करून हे चार दिवस सांगा. ८१ हा आकडा त्यांना कळायला हवा.

मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवा, मागे पडदा किंवा चादर येऊ देऊ नका. मागची जाळी आठवड्याला काढून धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. आमच्याकडे धुळीने गच्च झाली होती आणि मशीन तापायचं. दोनऐवजी एकवर ठेवलं तर वीज वाचेल असं नानांच्या मनात येऊ शकतं. या मशीनमध्ये आतला कॉम्प्रेसर चालतच राहतो, वीज जवळपास तेवढीच लागते आणि माणसाला मात्र अर्धाच ऑक्सिजन मिळतो. हे त्यांना वायरमनच्या भाषेत सांगा, पटेल. देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅस यांपासून नळी लांब ठेवा. खोलीत कुणी विडी-सिगारेट ओढायची नाही.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लाटेची वीज देणारा, आहे का ते बघा. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर हे मशीन लावू नका. साइन वेव्ह असेल तर वीज असतानाच मेन बंद करून एकदा चालवून बघा, सुरू होताना ते क्षणभर जास्त ओढतं. १५० एएचची बॅटरी धडधाकट असली आणि पंखे-दिवे बंद ठेवले तर अडीच-तीन तास धरा, जुनी असली तर बरंच कमी. त्याच्यावर विसंबू नका. घरात बी टाइपचा भरलेला सिलिंडर ठेवा. त्यात साधारण दीड हजार लिटर असतो, दोनवर १२ तास जातो. रेग्युलेटर आणि पाना त्याच्याच गळ्यात बांधून ठेवा. ऐन वेळी पाना सापडत नाही, हे मी भोगलंय.

आता नाना. ताई, त्यांना समजवू नका, काम द्या. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या घरचा फॉल्ट शोधला, त्यांना स्वतःच्या घरचे ६२ युनिट शोधायला सांगा. माझी आई घरातल्या औषधांचा हिशोब ठेवायला लागली तेव्हा कुठे तिचं ते 'मी ओझं झाले' म्हणणं कमी झालं.

—

सातपूरकर:

वर गच्ची तुमचीच आहे ना? मग पीएम सूर्यघर योजनेत सोलर बसवा. केंद्राचं अनुदान २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार. जागा ३०० चौरस फुटांच्या आसपास लागते. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, पावसाळ्यात कमी. तुमचे महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास निघतील. लोडशेडिंगची चिंताही मिटेल.

—

गोदाकाठ:

शेवटचं वाक्य दुरुस्त करायला हवं, कारण इथे प्रश्न रुग्णाचा आहे. नेट मीटरिंगचं (जादा वीज लाइनवर परत देणारं) साधं सोलर वीज गेली की स्वतःहून बंद होतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशीच रचना असते. बॅटरीचं हायब्रिड घेतलं तरच वीज नसताना चालतं, आणि ते बरंच महाग पडतं. म्हणजे सोलर बिलासाठी घ्या, सिलिंडर मात्र घरात हवाच.

—

सातपूरकर:

बरोबर, माझं चुकलं. ताई, गोदाकाठ म्हणतात तसंच धरा.

—

पवननगरची सून:

दहा दिवसांनी लिहितेय, आधी माफी मागते.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला होता. त्यांनी नानांना बोलावून घेतलं, रक्ततपासणी केली आणि माझ्यासमोर त्यांना सांगितलं की कमी ऑक्सिजनवर हृदयाला जास्त ओढ काढावी लागते, बसलेलं असलं तरी. नाना काही बोलले नाहीत. रिक्षात मात्र मला विचारलं, "म्हणजे मोटर जॅम झाल्यासारखं. फिरत नाही आणि करंट खाते." मी म्हटलं, हो नाना, तसंच.

मग 'आईची लेक' यांनी सांगितलं ते केलं. वही आणि पेन त्यांच्या हातात दिलं आणि ६२ युनिट सापडत नाहीत म्हणून सांगितलं. त्यांनी माझी बेरीज दोनदा तपासली. मग नळीला जोडनळी लावून खिडकीतून ओट्यावर घेतली, प्रवाह कमी होत नाही ना हे दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून घेतलं. मीटरसमोर खुर्ची टाकून नाना मनगटावरच्या घड्याळात बघत लुकलुक मोजायला बसले. धाकट्याने आत एकेक बटण दाबायचं आणि ओरडून सांगायचं. मशीन मिनिटाला १८ निघालं. "पाटीवर लिहिलंय तसंच घेतंय, खोटं नाही," असं नाना म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी मला जरा उजेड दिसला.

मोटर लावली तेव्हा गच्चीवर मुलीला उभी केली होती. मोटर पूर्ण जोरात आणि टाकीत पाण्याची धार करंगळीएवढी! पूर्वी अर्ध्या तासात भरणारी टाकी दीड तास घेत होती, दिवसातून दोनदा. मोटर पहाटे दीर लावायचे आणि संध्याकाळी जाऊबाई. दोघांना वाटायचं नळालाच पाणी कमी आहे. नानांनी आवाजावरून सांगितलं, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गेलाय, हवा ओढतेय. प्लंबरने काढला तर खरंच आतला रबर कुजला होता. बदलायला पाचशेच्या आत खर्च आला.

रोजचं रीडिंग आता नानाच लिहितात, सकाळी सातला. आधी दिवसाला १८ च्या वर जात होते, आता १६ च्या आसपास येतात. खालचे दोन पंखे दिवसभर चालतात, ते बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्यायचं ठरलंय. ७५ वॅटच्या जागी ३० लागतात, १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट. हाही हिशोब त्यांचाच.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा निघाला. म्हणून सिलिंडर आणलाय, पाना गळ्यात बांधलाय. नवा इन्व्हर्टर दिवाळीपर्यंत थांबेल.

दिरांनी स्वतःहून सोलरचं विचारलं, अर्ज नानांच्याच नावाने करायचा असं म्हणाले. त्यावर एकच शंका आहे. गच्चीवर दक्षिणेच्या बाजूला हजार लिटरची टाकी आहे, तिची सावली दुपारनंतर अर्ध्या गच्चीवर येते. टाकी हलवायची की पॅनल उंच स्टँडवर घ्यायचे? नाना म्हणतात टाकी हलवा, पाइप नवा टाकावाच लागणार आहे. कुणी असं केलं असेल तर कळवा. उद्या दुपारी तीनचा फोटो टाकते.