हणजूणच्या खडकांवरचा हा टोपीवाला कोण?

खडकमामा: काल सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लेकीला घेऊन गोव्यात हणजूणच्या खडकांवर गेलेलो. तिथे चपट्या टोपीसारखे शंख चिकटलेले, जुन्या आठ आण्याएवढे, टोकापासून कडेपर्यंत रेघा. लेक म्हणे शिनाण्याचं (खडकावरच्या शिंपल्याचं) पिल्लू, मी म्हटलं बाय, शिनाण्याला दोन शिंपा असतात, ह्याला एकच. जरा हलवायला गेलो तर असा आवळून बसला की नखच मोडलं. लिम्पेट, म्हणजे टोपीसारखा एकच शंख असलेला खडकाला चिकटणारा प्राणी, आहे एवढं कळतं, पण कुठला? फोटो टाकलाय.

पाणीवेडी: फोटो शंखाच्या वरच्या बाजूने काढलाय, तिथेच घोळ. आपल्याकडे खडकांवर सेलाना रेडिएटा असतो तो खरा लिम्पेट, आणि सायफोनारिया म्हणून एक आहे तो दिसतो तसाच पण हवेत श्वास घेणारा, गोगलगायीच्या जवळचा. सायफोनारियाच्या उजव्या कडेला जरासा फुगवटा असतो, तिथून हवा आत जाते. म्हणजे कड सगळीकडून सारखी आहे का ते बघ. आजूबाजूला खडकाला चिकटलेली जेलीसारखी पिवळट वेटोळी दिसली तर ती सायफोनारियाची अंडी. आणि टोकालाच भोक असेल तर हे दोन्ही नाहीत, तो कीहोल लिम्पेट.

ओहोटीकर: पाणीवेडीशी सहमत, पण खात्री रिकाम्या शंखाने होते. उलटा करून आत बघायचं, स्नायूची घोड्याच्या नालेसारखी खूण असते. खऱ्या लिम्पेटची नाल डोक्याच्या बाजूला, म्हणजे पुढे उघडी, सायफोनारियाची उजवीकडे. सेलाना आतून रुपेरी चमकतो. जिवंत उपटू नका हो, सालटं निघतं आणि मरतो बिचारा. दात मात्र जबरदस्त, 2015 साली पोर्ट्समथ विद्यापीठाने युरोपातल्या लिम्पेटचे दात तपासले तर ते कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यापेक्षा मजबूत निघाले. खडकावरचं शेवाळ खरवडतो ना रोज.

खडकमामा: आज परत गेलो, अमावास्या असल्यामुळे पाणी लांब गेलेलं. वाळूत एक रिकामा मिळाला, आतून चांदीच्या वाटीसारखा, नाल पुढे उघडी, कड सरळ. म्हणजे सेलाना ना? पण त्याच दगडावर दोघातिघांची एक बाजू फुगलेली होती, आणि लेकीने जेलीचं वेटोळंही दाखवलं.

पाणीवेडी: हो, सेलानाच. दोघेही एकाच दगडावर राहतात. वेटोळ्याचा फोटो टाक ना.