दख्खनी मेंढीत जुळ्यांचे जनुक आणावे काय?

नीराकाठ (धागालेखक)

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीमधले, जुळी कोकरे होऊ देणारे ‘फेक-बी’ हे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. त्याला बरीच वर्षे झाली, तरी मेंढपाळांमध्ये त्याविषयी अजून दोन टोकांची मते ऐकू येतात. माझे मत असे की हे जनुक दख्खनीत अवश्य यावे, पण बाकीची मेंढी दख्खनीच राहावी.

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरलेला नसल्यामुळे धनगराच्या हाती येणारा पैसा मुख्यतः कोकरांचा, आणि थोडाफार शेतात मेंढरे बसवल्याचा. गॅरोल ही दलदलीत चरणारी, जेमतेम दहा-पंधरा किलोंची चिमुकली मेंढी. पण ती जुळी देते, कधी तिळीही. याचे कारण २००१ साली उलगडले. सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदललेले असते (हेच ‘फेक-बी’), त्यामुळे प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन बसते आणि एका माजाला एकापेक्षा अधिक बीजे सुटतात. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनोमध्येही हाच बदल आहे, आणि १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून तिकडे नेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून तो आला असावा, असे मानले जाते.

दिवसभर उन्हात चालणे, धसकटांवर गुजराण करणे, दुष्काळात अंगावरचे मांस झडले तरी पावसाबरोबर पुन्हा सावरणे, दख्खनीच्या या गुणांमागे मात्र असंख्य जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. ते दुष्काळांनीच पिढ्यान्पिढ्या निवडलेले आहेत आणि उचलून दुसऱ्या जातीत ठेवता येत नाहीत. एकटे जनुक ठेवता येते. पहिल्या संकरात गॅरोलचे रक्त निम्मे असते. दर पिढीला पुन्हा दख्खनी मेंढा वापरल्यास ते २५, १२.५, ६.२५ टक्के असे घटत जाते, आणि रक्ततपासणीने जनुक असलेलीच कोकरे राखता येतात. नराच्या अंगावर हा गुण दिसतच नाही. तपासणी नसती, तर त्याच्या लेकी विईपर्यंत वाट पाहावी लागली असती.

माणदेशी

आपले गणित बरोबर आहे, पण ते गोठ्यातले आहे. आमचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा आमचा तांडा, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो. गेल्या खेपेस घाटात एक मेंढी चालता चालताच व्यायली. तिने कोकरू चाटून कोरडे केले, ते थरथरत उभे राहिले, तोवर कळप पुढच्या वळणापार गेला होता आणि मेंढी एकदा कोकराकडे, एकदा कळपाकडे पाहून ओरडत होती. माझ्या चुलत्यांनी कोकरू घोड्यावरच्या झोळीत घातले, तेव्हा कुठे ती चालू लागली. झोळीत आधीच चार होती. प्रत्येक मेंढीला जुळी झाली, तर आम्ही ती कशात घालायची? आणि एका सडाला पुरेल एवढाच पान्हा असलेल्या मेंढीने दोघांना काय पाजायचे? अशा वेळी दोन्ही कोकरे किरटी राहतात आणि मेंढीही खंगते.

दख्खनी एकच कोकरू देते, याला आपण उणीव समजता. माझ्या मते तीही दुष्काळाने केलेली निवडच आहे. जिला जुळी झाली, ती कोरड्या सालात तगली नसेल. शिवाय, माझ्या माहितीप्रमाणे ‘नारी सुवर्णा’त इस्रायलमधील अवासी आणि कर्नाटकातील बन्नूर या मेंढ्यांच्या जातींचेही रक्त आहे. मग ‘बाकीची मेंढी दख्खनीच’ हे म्हणणे कसे टिकते? लोकर सुधारण्यासाठी मेरिनो आणि रॅम्बुले हे विदेशी मेंढे आमच्याकडे आणले होते. त्या लोकरीचे घोंगडे धड होत नव्हते. नीलजिव्हा (ब्लूटंग) या मेंढ्यांच्या रोगाची भारतातली पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली, आणि विदेशी रक्ताच्या मेंढरांना त्याचा तडाखा अधिक बसतो.

पशुवैद्य

दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटते आहे. पोटात रक्त शोषणारा हिमोंकस जंत गॅरोलला दख्खनीइतका बाधत नाही. हा प्रतिकार अनेक जनुकांचा असल्यामुळे, गॅरोलचे रक्त सहा टक्क्यांवर आणताना आपण तोही बहुतांशी टाकून देतो. पावसाळ्यात मी जी मेंढरे तपासतो, त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पापण्या या जंतामुळे रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक असतात. मला विचाराल, तर जुळ्यांआधी तो गुण हवा.

नीराकाठ

माणदेशी, अवासी व बन्नूरचा आपला आक्षेप मला मान्य आहे. तयार जात जशीच्या तशी वाड्यांत सोडावी, असा माझा आग्रह नाही. जनुक तेवढे स्थानिक कळपांत उतरवावे, असे मी म्हणतो. दुधाचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी जनुक नाकारण्याऐवजी ते कोणाला द्यायचे हे ठरवता येते. जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) असलेला मेंढा साध्या मेंढ्यांवर सोडला, तर प्रत्येक लेकीला एकच प्रत मिळते आणि तिला बहुधा जुळीच होतात. मात्र एक प्रत असलेले नर-मादी एकमेकांना लावले, तर चौथा हिस्सा पिल्लांत दोन प्रती येतात, आणि तिळ्यांचा धोका तिथून वाढतो. म्हणून जे बारमाही गावातच चारतात आणि विण्याच्या वेळी खुराक देऊ शकतात, त्यांनी आधी हे मेंढे घ्यावेत. आपल्यासारख्या फिरत्या वाड्याने ते घेऊ नयेत, हे मी आता मोकळेपणाने लिहितो.

डॉक्टरांचे म्हणणे मला अधिक अस्वस्थ करते, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माणदेशी

फिरत्या वाड्यांना वगळले, याबद्दल आभार. पण मेंढे ऐकत नाहीत. कोकणच्या वाटेवर दोन वाडे एका शिवारात उतरले, की कोणाचा मेंढा कोणाच्या मेंढीवर गेला हे पाच महिन्यांनीच कळते. गावातल्या कळपात आलेले जनुक काही वर्षांत आमच्यातही येणार. तेव्हा खुराकाबरोबर तपासणीची सोयही वाड्यापर्यंत यायला हवी. निदान आमच्या मेंढ्यांमध्ये ते शिरले आहे की नाही, हे घाट उतरण्याआधी आम्हाला कळेल आणि झोळ्या तशा शिवून घेता येतील.