खासगी पॉलिसी आणि वय वंदना कार्ड
खासगी आरोग्य पॉलिसी असली की सत्तरीनंतरचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी योजनेतून मोफत उपचारांचं) मिळत नाही, असं काही जण म्हणतात ते बरोबर नाही. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांची विमा योजना) असली तरी कार्ड निघतं. आपली योजना किंवा हे कार्ड, यांतलं एक निवडावं लागतं ते सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनर) आणि ईसीएचएस (माजी सैनिक) या आरोग्य योजनावाल्यांना. त्यामुळे कार्डासाठी घरातल्या ज्येष्ठांची जुनी पॉलिसी कृपा करून बंद करू नका.

आमच्याकडे अडलं ते वयावर. वय आधारवरूनच धरतात, आणि आईच्या आधारवर जन्मसाल दोन वर्षं पुढचं पडलेलं. ते दुरुस्त झालं तेव्हाच कार्ड निघालं. शिवाय उपचारांसाठीचे वर्षाचे ५ लाख माणशी नाहीत, घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून. तेही दवाखान्यात भरती झाल्यावरच. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.