कोंब नाही, पाऊस नाही, तरी गव्हाचा फॉलिंग नंबर १८०?

ओंबी_७:
चाचणीतल्या एका वाणाच्या तीनही नमुन्यांचा फॉलिंग नंबर (पीठ-पाण्याच्या गरम लापशीतून दांडा खाली जायला लागणारा वेळ; एन्झाइमने स्टार्च तोडला की तो घटतो) १८० सेकंदांच्या आसपास आलाय. शेजारचे वाण ३५० च्या वर. कापणीआधी पाऊस नव्हता, दाण्याला कोंबही दिसत नाही. मशीनचा दोष की वाणाचा? ४०० च्या गव्हात निम्मानिम्म मिसळलं तर चालेल?

गुणसूत्रवाला:
आधी मोजणी तपासा. किमान २५०-३०० ग्रॅम दाणे दळा; मूठभरच दळलेत तर कोंबाचे एकदोन दाणेही आकडा पाडतात. १४ टक्के ओलाव्याच्या हिशोबाने ७ ग्रॅम पीठ, २५ मिली पाणी. नळी जोरात हलवून लगेच उकळत्या पाण्यात. गुठळी राहिली की एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांचे आकडे जुळत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर संशय लेट मॅच्युरिटी अल्फा-अमायलेजचा, म्हणजे दाणा पिकतानाच अल्फा-अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) बनण्याच्या दोषाचा. या एन्झाइमची मुख्य जनुकं दोन ठिकाणी: अल्फा-एमी-१ ही ६ए, ६बी, ६डी या गुणसूत्रांवर आणि अल्फा-एमी-२ सातव्या गटाच्या गुणसूत्रांवर. दोष असलेल्या वाणात फुलोऱ्यानंतर साधारण २५-३० दिवसांनी गारठा पडला, की एमी-१ कोंबाशिवायच कामाला लागतं. दोषाचं एक मोठं स्थान ७बी वर आहे. बुटकेपणाची आरएचटी जनुकं त्याला दाबतात, म्हणून उंच वाणांत जास्त जपा.

जातं:
दाणे आडवे कापा. गर्भाकडचे आणि शेंड्याकडचे अर्धे वेगळे दळून अल्फा-अमायलेज मोजा. कोंबाची सुरुवात असेल तर गर्भाकडे स्पष्ट जास्त; लेट मॅच्युरिटीत एल्युरोनचा (सालीखालचा) थर सगळीकडेच एन्झाइम बनवतो, त्यामुळे शेंड्यालाही भरपूर.

मिसळताना सरळ सरासरी काढू नका, तिथेच फसगत होते. ६००० ला (नंबर वजा ५०) ने भागा आणि त्या आकड्यांची सरासरी घ्या. ४०० चे १७.१, १८० चे ४६.२, सरासरी ३१.६, उलट फिरवलं की २४० येतो, २९० नाही. खराब गहू २० टक्क्यांवर ठेवलात तर ३१० च्या आसपास मिळेल. शेवटी मिश्रणाची चाचणी कराच.

ओंबी_७:
दाणा पांढरा आहे, त्याचा काही संबंध?

गुणसूत्रवाला:
तो कापणीआधीच्या कोंबाशी. लाल रंगाची आर जनुकं (३ए, ३बी, ३डी) सुप्तावस्थाही (पिकलेला दाणा लगेच न उगवणं) वाढवतात. आपले अंबर गहू त्याला मुकतात, म्हणून मार्चच्या अवकाळीत जास्त सापडतात. पांढऱ्यात सुप्तावस्था हवी तर ३ए वरचं एमएफटी आणि ४ए वरचं एमकेके३ ही जनुकं पाहा. तुमच्या दोषाला मात्र याचा उपयोग नाही. त्यासाठी ७बी चे मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) वेगळे लावा, आणि गारठा देऊन कुंडीत खात्री करा.