आजचं गाणं तुम्ही कसं निवडता?

रोज सकाळी बातम्या वाचून झाल्या की मी त्या दिवसाचं एक गाणं ठरवते. वहीत तारीख, गाणं आणि 'हेच का' याचं एक वाक्य लिहिते. दिवसभरात जमेल तेव्हा ते गाणं एकदा पूर्ण ऐकते, मध्ये दुसरं काही न करता. मोबाइलने आपणहून समोर आणलेलं गाणं चालत नाही, आपण शोधलेलंच हवं.

ही सवय अनेकांना आहे असं हळूहळू कळत गेलं. कुणी स्टेटसला ठेवतं, कुणी गाडी चालवताना लावतं, कुणी कुणाला पत्ता लागू देत नाही. म्हणून हा धागा. माझ्यापुरतं सांगते: बातमीतला शब्द गाण्यात आला म्हणून ते त्या दिवसाचं गाणं होत नाही. पाऊस लांबला की आधी पावसाचीच गाणी सुचतात. ती मी बाजूला ठेवते. पाऊस लांबलेला असताना मनात पाऊस कुठे असतो? वाट बघणं असतं, डोक्यात हिशेब चालू असतात, थोडा रागही असतो. मग तसं गाणं शोधायला लागते आणि शोधता शोधता आपल्याला नेमकं काय होतंय ते कळतं. 'हेच का' हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि मला त्याचीच ओढ आहे.

तुमचं कसं चालतं? लहान-मोठं, जसं सुचेल तसं लिहा.

निवृत्त निवेदक

मी आयुष्यभर हेच काम पगारावर केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रेडिओवर गाण्यांची क्यूशीट, म्हणजे लावायच्या गाण्यांची क्रमवार यादी, आदल्या दिवशीच तयार असायची. ड्यूटीवर गेलं की पहिलं काम म्हणजे हातात लाल पेन घेऊन ती क्यूशीट त्या दिवसाच्या बातम्यांशेजारी ठेवून वाचायची. पूर आला असेल तर नदीची, होडीची, चिंब भिजण्याची गाणी बाद. रेल्वेचा अपघात झाला असेल तर आगगाडीचं गाणं बाद, मग ते कितीही गोड असो. लहान मुलांबाबत काही वाईट घडलं असेल तर अंगाईगीतावर फुली. हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. ज्याच्या घरात पाणी शिरलंय तोही ऐकतोय, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अवघड भाग पुढचा. फुल्या मारल्या, आता त्या जागी काय? बरेच जण सरळ दुःखी गाणी भरत. मला ते पटत नसे. संकटातल्या माणसाला आपण आणखी रडवायचं कशाला? मी साधी, संथ, फार वाद्यं नसलेली गाणी घ्यायचो. शब्द कशाबद्दलही असोत, आवाज जवळचा वाटला पाहिजे. आमच्याकडे पत्रं यायची, त्यांत गाण्याचे शब्द क्वचितच लिहिलेले असत. 'त्या संध्याकाळी तुमचा रेडिओ चालू होता म्हणून बरं वाटलं', असं मात्र अनेकदा असे.

नुसत्या शब्दांवर गेलं की काय होतं ते १९९१ च्या आखाती युद्धात दिसलं. बीबीसीने रेडिओवर टाळायच्या गाण्यांची यादी केली, साठाहून अधिक गाणी होती. 'आबा' या स्वीडिश बँडचं 'वॉटर्लू' हे प्रेमगीतही त्यात आलं, नावात लढाई आहे म्हणून.

आणि उलटं उदाहरण ३१ ऑक्टोबर १९८४ चं. इंदिरा गांधींच्या निधनाची अधिकृत घोषणा होण्याआधीच आकाशवाणीवरची नेहमीची गाणी थांबून गंभीर वाद्यसंगीत सुरू झालं होतं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, काहीतरी घडलंय हे लोकांनी त्या सुरांवरून ओळखलं होतं.

नेहमीची वाचक

निवेदककाका, तुमचं वाचून रेडिओ सिलोन आठवलं. सकाळी आठ वाजायला काही मिनिटं असताना जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट रोज सैगलच्या गाण्याने. जगात काहीही घडलेलं असो, शेवटी सैगलच. आमच्या घरी दप्तर भरायची ती वेळ. रोजच्या घडामोडींप्रमाणे गाणं बदलण्यापेक्षा मला अजूनही हे जास्त आधाराचं वाटतं. बाहेर उलथापालथ चालू असताना एक गोष्ट जागच्या जागी आहे, याचं मोल मोठं असतं. तेव्हा माझ्याकडे 'आजचं गाणं' नाही, 'रोजचं गाणं' आहे.

अवकाशवेडा

तुम्ही सगळे जे करता ते नासा १९६५ पासून करतेय! त्या वर्षीच्या डिसेंबरात जेमिनी-६ या यानातल्या दोघा अंतराळवीरांना गाणं लावून उठवलं गेलं आणि पुढे ती प्रथाच पडली. स्पेस शटलच्या काळात रोज सकाळी एक गाणं वर पाठवलं जायचं. त्या दिवशी कुणाचं मोठं काम आहे, कुणाचा वाढदिवस आहे हे बघून निवड व्हायची, अनेकदा घरच्यांना विचारून.

पण मला सांगायचंय ते 'अपॉर्च्युनिटी' या मंगळावरच्या गाडीबद्दल. जानेवारी २००४ मध्ये ती उतरली. नव्वद मंगळदिवस चालेल एवढीच अपेक्षा होती, चालली चौदा वर्षांहून जास्त. जून २०१८ मध्ये मंगळभर धुळीचं वादळ उठलं, सौर पट्ट्यांना ऊन मिळेना, संपर्क तुटला. नियंत्रणकक्षातल्या लोकांनी तिला हाका मारणं सुरू ठेवलं आणि त्या काळात रोजचं गाणं लावायलाही सुरुवात केली. पहिलं गाणं होतं व्हॅम या पॉप बँडचं 'वेक मी अप बिफोर यू गो-गो'. म्हणजे शब्दाला शब्द: ऊठ, जागी हो. उमेदीचे दिवस होते, तेव्हा तेच शोभलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये शेवटचे संदेश पाठवायचे ठरले. त्या रात्री निवडलं गायिका बिली हॉलिडेचं 'आय विल बी सीइंग यू'. त्यात मंगळ नाही, यंत्र नाही, झोप नाही, जाग नाही. ताटातूट झालेलं माणूस ओळखीच्या जागांमध्ये पुन्हा पुन्हा दिसत राहतं, एवढंच आहे. दुसऱ्या महायुद्धात घरापासून लांब गेलेल्यांचं ते गाणं होतं. धागाकर्तीने जे लिहिलंय तेच इथे झालं. शब्द जुळवणं मागे पडलं आणि मनात होतं ते गाणं आलं. ही हकीकत वाचून मी खूप अस्वस्थ झालो होतो. अजूनही ते गाणं मी इतर कोणत्याही दिवसासाठी निवडत नाही.

रात्रपाळीची परिचारिका

वॉर्डात मोठ्याने काही लावता येत नाही, पण दीर्घकाळ दाखल असलेल्यांसाठी आम्ही उशाशी हळू आवाजात लावतो. एक आजोबा होते, बायको गेल्यापासून बोलणंच बंद केलेलं. नातेवाईक प्रेमाने उडत्या चालीची गाणी लावून जायचे. आजोबा भिंतीकडे तोंड करायचे. मी एकदा त्यांच्या तरुणपणातलं एक विरहगीत लावलं. ते वळले नाहीत, पण पांघरुणावरचं बोट तालावर हलायला लागलं. ध्रुवपद आलं की बोट थांबायचं, अंतऱ्याला पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी त्याच गायिकेचं जरा मोकळं गाणं लावलं. मग आणखी मोकळं. आठवड्याच्या शेवटी त्यांनी स्वतःहून विचारलं, "ते कालचं आहे का हो, ताई?"

संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात, हे नंतर प्रशिक्षणात समजलं. आयरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात ते मांडलं: आधी माणसाच्या आत्ताच्या मनःस्थितीला जुळणारं संगीत घ्यायचं, मग हळूहळू ते पालटत न्यायचं. ड्यूटी संपवून घरी जाताना मी स्वतःसाठीही हेच करते. दमलेल्या मनाला आधी दमलेलं गाणं.

धाकटी बहीण

आम्हा बहिणींमध्ये गाणं हाच निरोप असतो. ताई रोज सकाळी ग्रुपवर एक गाणं टाकते, खाली एक अक्षर लिहीत नाही. तिच्या ऑफिसमध्ये कपात चालू होती तेव्हा सलग काही दिवस बालगीतं येत होती. आईने लगेच ओळखलं आणि फोन केला. बोलायला जमत नाही तेव्हा ताई लहानपणात शिरते, हे आईलाच कळणार.

गाण्याचा निरोप म्हटलं की पोर्तुगाल आठवतं. २५ एप्रिल १९७४ ला मध्यरात्रीनंतर रेडिओवर 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' लागलं, आणि हुकूमशाही उलथवायला निघालेल्या सैनिकांसाठी तीच खूण होती. साधं एका गावाचं, तिथल्या बंधुभावाचं गाणं.

सरोदचा विद्यार्थी

मी शब्दांच्या भानगडीत पडतच नाही. राग लावतो. बातम्या फार झाल्या की मारवा: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, आणि षड्जही (मूळचा 'सा') असा लांबणीवर टाकलेला की टेकायला जागा मिळत नाही. सूर्यास्ताच्या वेळेचा राग आहे, वेळ पाळतो. अशा दिवशी मारव्याइतकं खरं मला दुसरं काही वाटत नाही.

सैनिकाची मुलगी

एक मनापासून सांगते. सीमेवर काही झालं की सगळीकडे 'ऐ मेरे वतन के लोगो' लागतं. जल्लोषातही लागतं, विजयाच्या घोषणांसोबतही. ते १९६२ च्या युद्धात गेलेल्या जवानांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलं, सी. रामचंद्र यांनी चाल दिली आणि लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं. ते शोकगीत आहे. बाबा सीमेवर असताना आमच्या घरी ते लावत नसत. आई म्हणायची, ते परत न आलेल्यांचं आहे, आपण वाट बघतोय. त्या दिवसांत आई गाणं लावायचीच नाही, स्वयंपाकघरात स्वतः गुणगुणायची. कृपा करून ते गाणं जपून वापरा.

नवीन सभासद

एक विचारायचं होतं. भाऊ खूप वर्षांच्या प्रयत्नांनंतर बाबा झाला त्याच सकाळी एका विमान अपघाताची बातमी आली. मी दिवसभर एकही गाणं ठरवू शकले नाही. आनंदाचं लावताना लाज वाटत होती, दुःखाचं लावावं तर बाळाचा पहिला दिवस. अशा वेळी तुम्ही काय करता?

धागाकर्ती

बाळाला खूप आशीर्वाद. अशा तारखांना माझ्या वहीत दोन गाणी असतात, एकाखाली एक, आणि 'हेच का' दोन्हींचं लिहिलेलं. एकाने दुसरं खोडायचं नाही. तुम्ही ती तारीख रिकामी सोडू नका, आत्ताही लिहिता येईल. बाळाचं गाणं ठरलं की इथे नक्की कळवा.