द्रव्य म्हणजे जडच का? देकार्त, स्पिनोझा आणि वैशेषिकांचे 'मन'

पायवाट:
शाळेच्या विज्ञानात द्रव्य म्हणजे जागा व्यापणारे, वस्तुमान असणारे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मात्र सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मते मनही द्रव्य आहे. जागा न व्यापणारे द्रव्य कसे असेल? आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या नऊ द्रव्यांतही मन आहे, म्हणजे वैशेषिकही देकार्तसारखे द्वैतवादी, मन आणि जड वेगळे मानणारे, का?

उंबरठा:
घोळ शब्दाचा आहे. विज्ञानात द्रव्य म्हणजे मॅटर, तत्त्वज्ञानात सबस्टन्स. दुसऱ्या अर्थाने द्रव्य म्हणजे गुणांचा आधार. गोडी एकटी कुठे सापडत नाही, ती गुळाची असते. गूळ मात्र कुणाची गोडी नव्हे.

देकार्तची व्याख्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये (1644, भाग 1, कलम 51) आहे: असण्यासाठी ज्याला दुसऱ्या कशाची गरज नाही ते द्रव्य. काटेकोरपणे हे फक्त ईश्वराला लागू पडते, हे तो तिथेच मान्य करतो. म्हणून पुढच्या कलमात सवलत: फक्त ईश्वराचा आधार लागतो, तीही द्रव्येच. प्रत्येकाचा मुख्य धर्म, म्हणजे मूळ लक्षण, एकच. जडाचा विस्तार, मनाचा विचार.

देकार्तचेच उदाहरण: मेणाचा गोळा विस्तवाजवळ नेला की वास उडतो, रंग बदलतो, आकार जातो, ठोकल्यावर येणारा आवाज बंद होतो. तरी मेण तेच. उरते ते जागा व्यापणारे, आकार बदलू शकणारे काहीतरी. विस्तार हे असे जडाचे सार आहे, द्रव्यमात्राचे नव्हे. मन म्हणजे एखादी विरळ वाफ अशी कल्पना केलीत, तर त्याला विस्तार बहाल केलात आणि देकार्तचा मुद्दाच गेला.

खरी अडचण बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने 1643च्या पत्रात नेमकी पकडली: ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो, आत्म्याला तो नाही; मग हात हलतो कसा? देकार्तने पुढे (1649) मेंदूतील पिनिअल ग्रंथीकडे बोट दाखवले. त्याने 'कुठे' एवढेच कळते, 'कसे' तसेच राहते.

काजवा:
कलम 52मधली ती सवलत देकार्तनंतरचा डच तत्त्वज्ञ स्पिनोझा देत नाही. 'एथिक्स'मध्ये (1677) द्रव्य एकच, आणि विचार व विस्तार हे त्याचे धर्म. धर्म म्हणजे भाग नव्हे, इथे बहुतेक जण चुकतात. अर्धे द्रव्य मन आणि अर्धे जड, असे वाचले की सगळे बिघडते. त्याचे उदाहरण: निसर्गातले वर्तुळ आणि त्या वर्तुळाची कल्पना ही एकच गोष्ट, दोन धर्मांखाली व्यक्त झालेली. म्हणून मन शरीराला हलवत नाही, शरीरही मनाला विचार करायला लावत नाही (भाग 3, विधान 2). एलिझाबेथचा प्रश्न इथे उभाच राहत नाही. मला ही वाट जास्त पटते.

औदुंबर:
वैशेषिकांबद्दल. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा, मन ही नऊ द्रव्ये. यातले मन म्हणजे 'माइंड' असे भाषांतर करू नका. ते अणुपरिमाण (अणूएवढे) आणि गतिमान असे अंतरिंद्रिय, म्हणजे आतले इंद्रिय, आहे, सुखदुःख कळण्याचे साधन. जाणणारा आत्मा, आणि तो विभू, म्हणजे सर्वव्यापी. नैयायिक (वैशेषिकांच्या जोडीच्या न्याय दर्शनाचे लोक) मन मानतात ते एका खुणेवरून: ज्ञाने एकदम होत नाहीत. कुरकुरीत शष्कुली (एक तळलेला पदार्थ) खाताना आवाज, वास, चव एकाच वेळी कळल्यासारखे वाटते, पण मन अणू असल्याने ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. शंभर कमळपाने सुईने टोचताना ती एकदमच टोचली गेली असे वाटावे, तसा तो वेगामुळे होणारा भ्रम.

पायवाट:
म्हणजे चेतन-अचेतन ही रेषा आत्मा आणि मन यांच्यामधून जाते? मग आत्मा म्हणजेच देकार्तचे मन म्हणावे का?

औदुंबर:
रेषा बरोबर, पण बरोबरी नको. ज्ञान हा आत्म्याचा गुण खरा, पण आगंतुक. मनाशी संयोग झाला तरच उपजणारा. देकार्तच्या मनाचा विचार थांबला तर ते मनच उरत नाही. वैशेषिकांचा आत्मा मोक्षात ज्ञान, सुख, दुःख सगळे गेल्यावरही द्रव्य म्हणून तसाच राहतो.